ऑफिसमध्ये आणि सोसायटीत आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल बोलावं की गप्प बसावं?

तुम्ही लिहिलंय की नगरहून नोकरीसाठी ऐरोलीला आलात, टीममध्ये एकटेच ख्रिस्ती आहात. परदेशी प्रवचनकार सांगतात तशी धीटपणे साक्ष द्यावी, म्हणजे येशूबद्दल उघडपणे सांगावं, तर लोक धर्मांतराचा आरोप करतील, आणि गप्प बसावं तर मन खातं. मी ठाण्यात वाढलो, आता कळव्यात राहतो. मला काय वाटतं ते सांगतो.

आधी ती प्रवचनं बाजूला ठेवा. समाज ख्रिस्तापासून दूर चालला हे दुःख इंग्लंड-अमेरिकेचं. आपल्याकडे तो जवळ होता कधी? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती जेमतेम एक टक्का. 1321 मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू मारले गेले, तेव्हा ते उतरले होते ते इथेच राहणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही आपण इथे होतो, आणि मूठभरच होतो. गमावलेलं राज्य परत मिळवायला निघाल्यासारखा सूर आपल्या तोंडी शोभत नाही.

दुसरं म्हणजे, इथे देवाचं नाव काढायला कोणी लाजत नाही. लोकलच्या डब्यात भजन चालतं, डेस्कवर गणपती असतो, गुरुवारी उपास असतो. त्यामुळे ‘मी रविवारी उपासनेला जातो’ किंवा ‘तुमच्या आईंसाठी प्रार्थना केली’ एवढं सहज म्हटलं तर कोणी दचकत नाही. लोक दचकतात ते हेतूच्या शंकेने. तांदळाच्या पोत्यांसाठी धर्म बदलला, हा टोमणा तुम्हीही ऐकला असेल. म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही: माणूस कर्जात, आजारपणात किंवा नोकरी गेल्यामुळे अडचणीत असेल तर मदत करायची आणि येशूचा विषय आपणहून काढायचा नाही. त्याने विचारलं तर गोष्ट वेगळी. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींना हे बुळेपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण अडलेल्या माणसाला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय अर्थ?

कायद्याचंही माहीत असू द्या. घटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या श्रद्धेची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे, असंच आहे.

विचारतात हो लोक. नाताळात डब्यात करंज्या नेल्या की ‘तुमच्यातही करंज्या?’ इथून सुरू होतं आणि ‘मग तुम्ही मूळचे कोण?’ वर येतं. इथे आढेवेढे घेऊ नका. पणजोबांनी बाप्तिस्मा का घेतला हे माहीत असेल तर सांगा, जातीचा विषय निघाला तर तोही टाळू नका. आणि मराठीत बोला. ‘लॉर्डने माझ्या लाइफमध्ये’ अशी भाषा ऐकली की समोरचा मनातल्या मनात आपल्याला परदेशी ठरवून मोकळा होतो. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. त्यांची भजनं आपण रविवारी गातो. ती ऑफिसमधल्या कुणाला ऐकवून बघा, चाल ओळखीची निघेल.

सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला उभं राहावं का, हेही विचारलंत. मी सोसायटीच्या मांडवात खुर्च्या लावतो, वर्गणी देतो, आरतीला उभा राहत नाही. पहिल्या वर्षीच सेक्रेटरींना स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले, ‘हरकत नाही, जेवायला मात्र थांबा.’ थांबतो. तुमच्या पाळकांचं मत वेगळं असू शकेल, त्यांनाही विचारा.