मॅक्रो, म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे जवळून मोठे फोटो काढणं, शिकायला स्वस्तात कुठली लेन्स घ्यावी, आणि किडे फ्रीजमध्ये ठेवून फोटो काढले तर चालतात का?

प्रश्न विचारणारा पहिल्या वर्षाला आहे. साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत मिळालेली किट लेन्स आहे, १०० एमएमची मॅक्रो लेन्स परवडत नाही. शिवाय किडे एका जागी थांबत नाहीत, म्हणून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग फोटो काढले तर चालेल का, असंही त्याने विचारलं आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. नाही चालत. लेन्सचं नंतर बघू.

मी सिंधुदुर्गातली. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मामाने त्याचा जुना निकॉन डी३१०० मला दिला, सोबत १८-५५ची लेन्स. मॅक्रो लेन्सची किंमत विचारली आणि तो विषय तिथेच सोडला. मग कुणीतरी सांगितलं की हीच लेन्स उलटी लावली की मॅक्रो होते. ५२ एमएमची रिव्हर्स रिंग तीनशे रुपयांच्या आत आली. ती आली त्या दिवशी मी घरातलं मीठ, साखर, आजीच्या नऊवारीचा काठ, जे दिसेल त्याचे फोटो काढले. सगळे काळे. कारण या लेन्सला अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक लहानमोठं करायची, रिंग नाही, आणि निकॉनची अशी लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की आतल्या पात्या पूर्ण मिटतात. मागच्या बाजूला एक बारीक खटका असतो, तो सरकवून धरला तरच उजेड आत येतो. मी त्या फटीत कागदाची घडी खोचली. ती घडी किती जाड हे ठरवण्यात दोन दिवस गेले. कॅमेऱ्याला लेन्स लावली आहे हेच कळत नाही, त्यामुळे उजेड मोजणारं मीटर बंद, सगळं मॅन्युअलवर. हे सगळं कटकटीचं आहे, पण मी एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, शिकले ते यातूनच. वर्गात बसून मला ते कधीच समजलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी काजूच्या बागेत जायचे. आमच्या काजूंवर हुमले भरपूर. पानं शिवून घरटं करणाऱ्या त्या लाल मुंग्या. लोक काढणीच्या वेळी त्यांना शिव्या घालतात, पण काजूवरच्या ढेकण्या नावाच्या किडीला त्या आवरतात, म्हणून आजोबा त्यांची घरटी पाडू द्यायचे नाहीत. मी एका खोडाशी तास न् तास उभी असायची. आजोबा लांबून विचारायचे, "काय बघतस गो? हुमले चावतले हां." चावायचेच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका मुंगीच्या फार जवळ लेन्स गेली. उलट्या लेन्सला चार-पाच सेंटीमीटरवर जावंच लागतं, त्याला इलाज नाही. ती दचकली, पानाच्या कडेवरून खाली उडी टाकली आणि हवेत लोंबत राहिली. मुंगी पडते. लोंबत नाही. मी श्वास रोखून बघत होते, आणि ती धाग्यावरून परत वर चढली. मग मी फोटो काढला. घरी येऊन संगणकावर मोठा केला तेव्हा दिसलं, समोर दोन मोठे गोल काळेभोर डोळे, गाडीच्या दिव्यांसारखे. मुंगीला असे डोळे नसतात. पाय मोजले, आठ. त्यातले पुढचे दोन वर उचलून मुंगीच्या मिशांसारखे हलवत होती, म्हणून चालताना सहाच वाटत होते. पाठीला मध्ये अशी खाच की डोकं वेगळं आणि छाती वेगळी वाटावी.

उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकी ही एक जात, हुमल्यांची नक्कल करते. शास्त्रीय नाव मिरमाप्लाटा प्लाटालिऑइडिस. हुमले चावरे आणि आंबट, त्यामुळे पक्षी आणि इतर भक्षक त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत, त्या भीतीच्या आडोशाला ही राहते. गंमत म्हणजे खऱ्या हुमल्यांपासून ती स्वतः जपून असते. एखादी मुंगी समोरून आली की बाजू काढून घेते, कारण सापडली तर मुंग्या तिला सोडत नाहीत. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी त्याच खोडावर पाहिलं.

आठवडाभर मी त्या एकाच मादीच्या मागे होते. तिचं पानाखालचं पांढरं रेशमी घर सापडलं. ती कधी बाहेर येते, ऊन कधी त्या फांदीवर येतं, हे मला पाठ झालं. त्या आठवड्यातले बहुतेक फोटो फुकट गेले. एकच बरा आला. पोट धूसर आहे, पण डोळे लख्ख आहेत आणि पुढचे दोन पाय हवेत आहेत.

सुट्टी संपल्यावर तो फोटो विभागात दाखवला. आमचा एक सीनिअर होता, त्याच्याकडे खरी मॅक्रो लेन्स, रिंग फ्लॅश, सगळं. विभागाच्या प्रदर्शनाची तयारी चालली होती. तो म्हणाला, कल्पना छान आहे पण शार्प नाही, जिवंत घेऊन ये, मी नीट काढतो. आणि मी नेली. फिल्मच्या डबीत घालून, झाकणाला भोकं पाडून, एसटीने. आजही मला त्या डबीचं वजन हातात आठवतं, म्हणजे काहीच वजन नव्हतं.

त्याने ती डबी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवली. दहा मिनिटं म्हणाला. मग कुणीतरी चहाला हाक मारली. ज्यांना वाटतं की आपण बरोबर दहा मिनिटांनी काढू, त्यांना एवढंच सांगते की दहा मिनिटं कधीच दहा राहत नाहीत. आम्ही परत आलो तेव्हा ती डबीच्या तळाशी पाय पोटाशी घेऊन पडली होती. त्याने चिमट्याने तिला जास्वंदीच्या फुलावर ठेवलं, कारण लालवर रंग खुलतो. सुईने एकेक पाय सरळ केला. आठही पाय, नीट पसरून, फुलावर टेकवून. फोटो अप्रतिम शार्प आला, केसन् केस मोजता येईल असा. पहिलं बक्षीस मिळालं. ती परत हलली नाही.

मी त्याला म्हटलं, हा फोटो खोटा आहे. तो हसला नाही, चिडलाही नाही, समजावल्यासारखं म्हणाला, "कीटक थंड रक्ताचे असतात, बाहेर काढले की उठतात, एखादं जातं. आणि फोटो शेवटी फोटो असतो, तो कसा काढला हे बघणाऱ्याला कुठे दिसतं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मी वर्गात जाऊन बसले.

आता उत्तर आहे, आणि तुमच्या प्रश्नाचंही तेच आहे. दिसतं. त्या प्राण्याचं सगळं आयुष्य पुढचे दोन पाय वर धरण्यावर चाललं आहे. ते दोन पाय खाली टेकवले की नक्कल संपली, उरला एक लाल कोळी. त्या फोटोतून कुणालाही हे कळणार नाही की ही मुंगी असल्याचं भासवते, कशी भासवते आणि का. हुमले जास्वंदीच्या फुलात राहत नाहीत, म्हणजे जागाही खोटी. माझ्या धूसर फोटोत ते सगळं आहे. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या माणसाने हे म्हणायला कचरू नये, मी तेव्हा कचरले.

आणि थंडीचं म्हणाल तर घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो. कोकणातल्या कोळ्याने अशी थंडी सात पिढ्यांत पाहिलेली नसते. उठतात काही, पण ज्याने फोटो काढला तो पुढे त्याचं काय झालं हे बघायला थांबत नाही.

थंड प्राणीच हवा असेल तर पहाटे उठा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळ्याकाठच्या गवतावर साडेसहाला जा. चतुर आणि टाचण्या, म्हणजे चतुरांचे बारीक भाऊबंद, काड्यांना लटकलेल्या सापडतील, पंखांवर दंव, डोळ्यांवर दंव. ऊन अंगावर येईपर्यंत त्यांना उडता येत नाही, तुमच्याकडे अर्धा-पाऊण तास असतो. फक्त काडी हलवू नका आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः उभे राहा. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून केलेलं दंव ओळखू येतं, थेंब सगळे एका बाजूचे आणि वेगवेगळ्या आकाराचे असतात.

हलणाऱ्या किड्यासाठी फोकसची रिंग फिरवत बसू नका. अंतर पक्कं करा आणि अंगाने पुढेमागे व्हा, डोळा लख्ख दिसला की दाबा. डाव्या हाताच्या दोन बोटांत किडा बसलेली फांदी धरायची आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची, म्हणजे वारा आला तरी किडा आणि कॅमेरा बरोबर हलतात. ही एक गोष्ट कळल्यावर माझे चांगले फोटो एका दिवसात दुप्पट झाले. एकास एक मोठेपणावर, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराचा पडतो तिथे, अ‍ॅपर्चर एफ ८ ला ठेवलं तर फोकसचा पट्टा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असतो. भोक आणखी बारीक, एफ २२, करून सुटत नाही, चित्र मऊ पडतं. एफ ८ ते ११ मध्ये राहा आणि कॅमेरा असा धरा की डोळा आणि शरीर एका पातळीत येतील.

उजेडाचंही सांगते, कारण नवशिके पैसे लेन्सवर घालवतात आणि फोटो बिघडतो तो उजेडामुळे. कॅमेऱ्याचाच फ्लॅश वापरा, शटर १/२०० वर, पण त्याच्यापुढे उजेड पसरवणारा डिफ्यूझर हवा. मी आइस्क्रीमच्या डब्याचा तळ कापून त्यावर ट्रेसिंग पेपरचे दोन थर रबर बँडने लावले होते. डबा लेन्सच्या टोकाच्या पुढे यायला हवा, नाहीतर सावली पडते. तेलकट चकाकणारे भुंगे यानेच आवरतात.

आता लेन्स. रिव्हर्स रिंग घ्या, सगळ्यात स्वस्त. जुनी, अ‍ॅपर्चरची रिंग असलेली ५० एमएम मिळाली तर कागदाच्या घडीची भानगडच नाही. कॅननवाल्यांना आणखी सोपं आहे, लेन्स सरळ असताना अ‍ॅपर्चर लावायचं, डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच लेन्स काढायची, पात्या तिथेच राहतात. लेन्स उलटी असताना १८ कडे गेलात की मोठेपणा वाढतो आणि ५५ कडे कमी होतो, म्हणून सुरुवात ५५ वर करा. घरात ५५-२५० सारखी झूम असेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० ही छोटी जोडलेन्स चिमट्यासारखी पुढे बसते, २५० वर खऱ्या आकाराच्या साधारण दुप्पट मोठेपणा देते आणि ऑटो सगळं चालू राहतं. मी आज निवडणार असेन तर तीच घेईन. एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या पोकळ नळ्या, त्याही चालतात, ५० एमएमवर ५० एमएमची नळी म्हणजे साधारण एकास एक.

हे मान्य करायला हवं की १०० एमएमची मॅक्रो उगाच महाग नाही. एकास एकवर तिच्या टोकापासून किड्यापर्यंत १३ ते १५ सेंटीमीटर अंतर राहतं, फुलपाखराला तेवढं लागतं. रिव्हर्स रिंगने राणी पाकोळी काढायला जाल तर महिना जाईल. कोळी, मुंग्या, ढेकूण, अंडी, बुरशी, कासच्या पठारावरच्या दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या चिकट केसाळ पानांसारखं जे जागचं हलत नाही, तिथून सुरुवात करा. कासला गेलात तर आखलेली पायवाट सोडून जांभ्यावर पालथे पडू नका, एका फोटोखाली दहा रोपं चिरडतात.

अजून एक, म्हणजे माझ्यावर कुणी एकांगीपणाचा आरोप करायला नको. जात ओळखण्यासाठी परवानगी घेऊन नमुना गोळा करणं, तो थंड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, हे शास्त्राचं काम आहे आणि ते लागतं. कितीतरी कोळी तसे बघितल्याशिवाय ओळखताच येत नाहीत. पण त्या फोटोखाली तसं लिहावं. आणि स्टॅकिंगचा, म्हणजे फोकस सरकवत काढलेले अनेक फोटो एकत्र जोडण्याचा, सराव करायचा असेल तर ट्यूबलाइटखाली सकाळी मेलेले किडे झाडूने गोळा होतात, ते वापरा, मी वर्षभर तेच केलं.

तो बक्षिसाचा फोटो अजून आमच्या विभागाच्या व्हरांड्यात आहे. मागच्या वर्षी काही कामाने गेले होते. खाली ओळ आहे, 'मुंगीची नक्कल करणारा कोळी'. तिथे उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीला मी विचारलं, यात मुंगी कुठे दिसते? ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नाही दिसत, मॅडम." मग मी मोबाइलमधला माझा तो धूसर फोटो तिला दाखवला.