युरियाची गोणी, विहिरीचे पाणी आणि कराचा हिशेब

प्रश्न : आमची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग असून थोडी पऱ्हाटीही (कापूस) असते. विहिरीचे पाणी तपासले तेव्हा नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक निघाले. नागपुरातील एका व्याख्यानात युरियावर पर्यावरण कर लावावा, असे ऐकले. मालाला भाव नसताना शेतकऱ्यावर हा आणखी एक भुर्दंड नव्हे काय?
(एक संत्रा बागायतदार, काटोल)

उत्तर : पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडणाऱ्या विहिरी विदर्भात अनेक आहेत. सांडपाणी व शेणखताचे ढीग हीही त्याची कारणे असतात, तेव्हा सारा दोष युरियाच्या माथी मारू नये. पण युरियाची किंमत पाहा. ४५ किलोची गोणी आपल्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. तिच्यात ४६ टक्के, म्हणजे जवळपास पावणेएकवीस किलो नत्र (नायट्रोजन, ज्यापासून नायट्रेट बनते) असते. किलोभर नत्र तेरा रुपयांच्या आत पडते आणि उरलेला खर्च सरकारी तिजोरी सोसते. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद (फॉस्फरस) व पालाशयुक्त (पोटॅश) खतांना पोषणमूल्यावर आधारित ठरावीक अनुदान लागू झाले, विक्रीचा भाव कंपन्यांवर सोपवला गेला व त्यांचे भाव चढले. युरिया मात्र त्या व्यवस्थेबाहेरच राहिला. साहजिकच शेतकऱ्याचा हात स्वस्त गोणीकडे वळला. म्हणून कराची चर्चा करण्यापूर्वी अनुदानाची करावी लागेल, कारण एकाच वस्तूवर अनुदानही द्यायचे आणि करही घ्यायचा, यात अर्थ नाही.

ज्याच्या कृतीने इतरांचे नुकसान होते त्याच्याकडून ते कराच्या रूपाने वसूल करावे, हा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. कारखान्याच्या नळातून बाहेर पडणारे सांडपाणी मोजता येते. शेतातले नत्र मात्र पावसाबरोबर झिरपते आणि कोणाच्या धुऱ्याआडचे खत कोणाच्या विहिरीत उतरले, हे सांगता येत नाही. त्यामुळे कर खतावरच बसवावा लागतो, आणि माती तपासून बेताने खत देणारा व मूठ सैल सोडणारा या दोघांनाही गोणीमागे तो सारखाच पडतो.

माझ्या मते युरियाचा भाव दरवर्षी थोडा वाढवावा आणि वाचलेले अनुदान खताच्या वापराशी न जोडता एकरी हिशेबाने शेतकऱ्याला परत द्यावे. मग जो कमी खत वापरेल त्याच्या हाती पैसा उरेल. अडचण सातबाऱ्याची आहे. मक्त्याने (भाड्याने) शेती करणारा महाग गोणी घेईल आणि रक्कम मालकाच्या खात्यात जाईल. ही गाठ सुटेपर्यंत त्या योजनेला न्याय्य म्हणायला मी तयार नाही. २०२३ च्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेत रासायनिक खतांचा खप घटवणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग मिळतो, परंतु तो हिशेब राज्याच्या एकूण खपावर होतो, एकेका शेतावर नाही. आणि एका फटक्यात बंदी घातल्यास काय होते, हे श्रीलंकेने २०२१ मध्ये दाखवले. पिके बुडू लागली आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

कीटकनाशकांवर मात्र कर अधिक शोभतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून तो औषधाच्या विषारीपणानुसार बदलतो. आपल्याकडे रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण जहाल असो वा सौम्य, दर एकच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्याची किंमत कोणत्याही बाटलीवर छापलेली नव्हती.

प्रश्न : युरोपचा कार्बन कर आमच्या संत्र्याला आणि कापसाला लागेल काय? पर्यावरणाचे कारण देऊन आपणही आयात रोखू शकतो काय?
(एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर : सध्या नाही. माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीच्या वेळी आकारला जाणारा तो कर सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, वीज व हायड्रोजन यांच्यापुरता आहे. खतांचा त्यात समावेश आहे, पण त्या खतावर पिकलेल्या मालाचा नाही. आपल्या संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश, आणि तिथे अडचण झाली ती वाढत्या आयात शुल्काची. युरोपात फळ पाठवायचे तर अडसर वेगळाच असतो : फवारणीच्या ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अटींसह ‘होय’ असे आहे. जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या ‘गॅट’ कराराचे विसावे कलम जीवसृष्टी व नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी निर्बंधांना वाव देते, मात्र देशादेशांत मनमानी भेदभाव होता कामा नये. समुद्री कासवांच्या रक्षणासाठी अमेरिकेने कोळंबीची आयात अडवली तेव्हा तक्रार करणाऱ्या चार देशांत भारतही होता. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९८ च्या निकालात हेतू मान्य झाला, पण अंमलबजावणीतील भेदभावामुळे अमेरिका हरली. आपण असे निर्बंध घातले, तर तोच निकाल आपल्यासमोर ठेवला जाईल.