सँडविच बीमचा प्रकल्प घेऊ की सोडू?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी ‘कंपोझिट सँडविच बीममधील कंपनांचं डॅम्पिंग’, म्हणजे कंपनं लवकर शमवणं, हा प्रकल्प सुचवलाय. विषय मनापासून आवडला, पण एवढ्या अरुंद विषयामुळे नोकरीच्या वाटा बंद होतील का? गणितही जड जातं. त्यापेक्षा कोडिंगचा प्रकल्प घेऊ का?

उत्तर : विषय आवडला असेल तर घे. तो अरुंद वाटतो तो नावामुळे.

सँडविच बीम म्हणजे थरांची पट्टी : दोन पातळ, ताठ थर कार्बन किंवा ग्लास फायबरचे, आणि मध्ये फोमचा नाहीतर हनीकोम्बचा (मधाच्या पोळ्यासारखा) हलका गाभा. गाभ्याची जाडी दुप्पट केली की वजन थोडंच वाढतं, वाकण्यातला ताठपणा मात्र ढोबळमानाने चौपट होतो. म्हणून उपग्रहांची पॅनेलं, पवनचक्कीची पाती, बोटी, सगळीकडे ही रचना दिसते. पण हलकी आणि ताठ वस्तू हादरे पटकन पकडते, आवाजही जास्त फेकते. तुझ्या प्रकल्पाची गरज इथे सुरू होते.

उपाय म्हणून मध्ये रबरासारखा व्हिस्कोइलॅस्टिक थर घालतात. बीम वाकला की वरचा आणि खालचा थर एकमेकांच्या उलट सरकू पाहतात, मधला थर त्या ओढाताणीत तिरका होतो आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. याचं मूळ गणित रॉस, अंगर आणि कर्विन यांनी 1959 मध्ये मांडलं, आजही सुरुवात तिथूनच होते. आकड्यांत सांगतो. लॉस फॅक्टर म्हणजे कंपनाची ऊर्जा किती झपाट्याने जिरते त्याचं माप. तो 0.01 असेल तर टिचकी मारल्यावर कंपन निम्म्यावर यायला साधारण 22 आवर्तनं लागतात, 0.1 असेल तर जेमतेम दोन. हा फरक कानाला ऐकू येतो : एक पट्टी घणघणत राहते, दुसरी ‘टप्’ करून गप्प होते.

खरी मेख तापमानात आहे. मधल्या थरातलं तेच रबरासारखं पॉलिमर थंडीत काचेसारखं कडक होतं, जास्त उष्णतेत लिबलिबीत, आणि ऊर्जा भरपूर शोषतं ते मधल्या एका पट्ट्यातच. तो पट्टा कंपनाच्या वारंवारतेनुसारही सरकतो. एकाच तापमानाला घेतलेला आकडा दाखवून ‘डॅम्पिंग वाढलं’ म्हणणारे अहवाल मी पाहिलेत. तू तसं करू नकोस.

मी मार्गदर्शन केलेल्या एका मुलीला पहिल्याच चाचणीत फार सुंदर डॅम्पिंग मिळालं होतं. दोन दिवसांनी तिने क्लॅम्पचे बोल्ट आणखी आवळले आणि आकडा निम्म्याहून खाली आला. ऊर्जा बीममध्ये जिरतच नव्हती, सैल पकडीतल्या घर्षणात जात होती. तिने दोन्ही निकाल अहवालात ठेवले. मुलाखतीत तिला सर्वात जास्त प्रश्न त्याच पानावर आले, आणि तिला उत्तरं पाठ करावी लागली नव्हती.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. ‘सँडविच डॅम्पिंग’ अशा नावाच्या जागा मोजक्याच असतात आणि त्यातल्या बऱ्याच पुढच्या पदवीनंतरच्या. पण कंपन मोजता येणं, मोजमाप संगणकावरच्या मॉडेलशी ताडून बघता येणं, हे गाड्यांच्या एनव्हीएच (आवाज आणि हादरे कमी करणाऱ्या) विभागापासून विमान, रेल्वे, यंत्रांच्या देखभालीपर्यंत चालतं. कोडिंगही यातच आहे : ॲक्सलरोमीटरचा (कंपन मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल घेऊन त्यातून लॉस फॅक्टर काढणारा प्रोग्राम स्वतः लिही. गणिताला घाबरू नकोस. आधी एक वस्तुमान, एक स्प्रिंग, एक डॅम्पर एवढंच हाताने सोडव, बीमची समीकरणं त्यानंतर उघड.

होकार देण्याआधी सरांना एक गोष्ट विचार : प्रयोगशाळेत इम्पॅक्ट हॅमर (ठोका देऊन त्याचं बल मोजणारा हातोडा), ॲक्सलरोमीटर आणि भक्कम क्लॅम्प आहे का? नसेल आणि सगळं काम सॉफ्टवेअरवरच्या रंगीत चित्रांत संपणार असेल, तर मात्र थांब, मला पुन्हा लिही.