घरच्या साबणात लवंग, दालचिनी, संत्र्याचं तेल किती टाकावं? नैसर्गिक तेलानं खाज येऊ शकते का?

ताई, आधी तातडीचं सांगते. तुमच्या ज्या शेजारीण काकूंच्या मानेला खाज सुटली आहे, त्यांना तो साबण आजच बंद करायला सांगा. "राहू दे, होईल सवय" असं त्या म्हणतील. कातडीला याची सवय होत नसते, उलट त्रास वाढू शकतो. आठवड्याभरात कमी झालं नाही तर कातडीच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना साबणाची वडी व तेलांच्या बाटल्या सोबत न्या.

तुमचा प्रश्न असा आहे: एक किलो तेलाच्या साबणात लवंग, दालचिनी आणि संत्र्याचं तेल मिळून दोन मोठे चमचे टाकलं, महिन्याभरात वास उडाला, म्हणून पुढच्या खेपेला चार चमचे टाकायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो बिनधास्त टाका, नैसर्गिक आहे. मग काकूंना खाज कशी आली?

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे राहते. आमच्या बचत गटातल्या सात जणी आठ वर्षांपासून साबण करतो. खोबरेल, करडई, थोडं एरंडेल आणि कॉस्टिक सोडा, एवढाच आमचा पसारा. तुम्ही विचारलेल्या चुकीतून आम्ही गेलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असतं का, हे विदर्भातल्या माणसाला बिब्ब्यानं केव्हाच शिकवलेलं आहे. बिब्बा झाडाचंच फळ. त्याचं तेल कुणी पायाच्या भेगेत भरतं आणि काही होत नाही. दुसरा एखादा बिब्बे भाजत असलेल्या चुलीजवळून नुसता गेला तरी त्याचं तोंड सुजतं, डोळे मिटतात. आपण म्हणतो, "त्याले बिब्बा उतते," म्हणजे त्याला बिब्ब्याची ॲलर्जी आहे. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहिले असतील तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. त्यांच्या बोटांवर दोन्ही गोष्टी दिसतात. तेलानं कातडी थेट भाजते हे एक, आणि एकदा उतायला लागला की पुढे इवलासा थेंबही सहन होत नाही हे दुसरं.

साबणाचंही अगदी असंच आहे. जळणं वेगळं, उतणं वेगळं. कॉस्टिक जास्त झालं, किंवा सुगंधी तेल अति झालं, तर पहिल्याच आंघोळीला चुरचुरतं. ते जळणं. त्यावर उपाय सोपा आहे, साबण बंद केला की कातडी भरून येते. उतणं मात्र लपून येतं. कातडीतल्या रोगप्रतिकारक पेशी तेलातला एखादा घटक परका म्हणून लक्षात ठेवतात. पहिल्यांदा हे व्हायला दहा-पंधरा दिवस तरी लागतात, कधी महिने, कधी वर्षंही. तोवर माणूस म्हणतो, मी तर रोज वापरते, मला काही होत नाही. एकदा ओळख पटली की मग त्या घटकाचा स्पर्श झाल्यावर एक-दोन दिवसांत खाज, पुरळ, सूज येते. आणि ही आठवण सहसा जन्मभर पुसली जात नाही.

आमच्याकडे ती माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या वाट्याला आली. थंडीसाठी म्हणून लवंगेच्या तेलाचा साबण केला होता. सातशे ग्रॅम तेलाला मी बाटलीच्या झाकणानं तीन झाकणं लवंग तेल ओतलं. त्या झाकणात पाच मिली मावतं हे मी नंतर मोजलं. म्हणजे पंधरा ग्रॅमच्या वर गेलं, दोन टक्क्यांहून जास्त. ते ओतताच साबणानं भांड्यातच गोळा धरला, साच्यात चमच्यानं थापावा लागला. लवंगेचं तेल साबण घाईनं घट्ट करतं, ही खूण मला तेव्हा माहीत नव्हती. महिनाभर वाळवला आणि सगळ्यांनी वापरायला घेतला. जाऊबाईंनाही तीन आठवडे काही झालं नाही. मग मानेच्या घडीत आणि कोपराच्या आतल्या बाजूला काळपट चट्टे दिसू लागले. कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे सगळे म्हणाले उन्हानं काळवंडलं. त्याही तेच धरून बसल्या, आणि घामोळं असेल म्हणून तोच साबण दिवसातून दोनदा घासू लागल्या.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर पुस्तकात दाखवतात तशी लाली फारशी दिसत नाही. तिथे डाग काळसर, राखाडी उमटतो आणि खाज गेल्यावरही महिनोन् महिने राहतो. काकूंच्या मानेवर असं काही दिसतंय का, ते दिवसाच्या उजेडात पाहा. दुसरी तऱ्हाही असते. टिकलीच्या गोंदानं कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. कातडीचा रंग दोन्हीकडे बिघडू शकतो.

यवतमाळला डॉक्टरांनी जाऊबाईंच्या पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही म्हणाले. पट्ट्या काढल्यावर एकदा पाहिलं, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. सुगंधी मिश्रणाच्या चौकोनाखालची कातडी फुगून आली होती. त्या मिश्रणात आठ घटक असतात. त्यातला एक युजेनॉल, म्हणजे लवंग तेलाचा मुख्य अंश. दुसरा सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे दालचिनीच्या सालीच्या तेलाचा. तेव्हापासून त्यांना वासाचं केशतेल चालत नाही, आणि दात भरायला गेल्या तर आधी सांगावं लागतं, कारण दातांच्या काही सिमेंटमध्येही युजेनॉल असतं. एका साबणापायी एवढं झालं, आणि तो साबण मी त्यांच्या हातात दिला होता. म्हणून मी आता झाकणानं काही मोजत नाही.

आता तुमच्या मापाकडे येऊ. मोठा चमचा म्हणजे साधारण पंधरा मिली. चार चमचे म्हणजे साठ मिली, एक किलो तेलाला जवळजवळ सहा टक्के. हे फार झालं. दालचिनीच्या सालीचं तेल असलं तर ते यापुढे कातडीला लागणाऱ्या कशातच टाकू नका. उतणाऱ्या सुगंधी तेलांत त्याचा नंबर फार वरचा आहे. पानाचं तेल वेगळं असतं, त्यात सिनॅमाल्डिहाइडऐवजी युजेनॉल जास्त असतं, म्हणजे ते लवंगेचंच भावंड समजा. बाटलीवर साल की पान हे लिहिलेलं नसेल तर ती बाटली घेऊच नका. लवंग हवीच असेल तर किलोभर तेलाला तीन ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि त्यात पानाचं तेल आलं तर तेही याच तिनात धरा. सगळी सुगंधी तेलं मिळून आम्ही किलोला दहा ते पंधरा ग्रॅमवर थांबतो. वीस ही शेवटची वेस.

आणि मोजा वजनानं. दशांश दाखवणारा छोटा काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. चमचा फसवतो, कारण तेलांचं वजन सारखं नसतं. पाच मिली लवंग तेल पाच ग्रॅमच्या थोडं वर भरतं, तेवढंच संत्र्याचं तेल सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. थेंबांचं तर विचारूच नका, बाटलीचं तोंड बदललं की थेंब बदलतो.

संत्र्याचं तेल तसं गरीब. वरूड-काटोलच्या संत्र्याचा वास आपल्या अंगणातला, म्हणून ते सगळ्यांना आवडतंही. ताजं असताना ते फारसं कुणाला उतत नाही. पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं, आणि हवा लागली की लिमोनीनचे नवे पदार्थ तयार होतात, ते मात्र उततात. लव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत बाटली अर्धी भरलेली पडून असते. मग वर्षभरात ती बाटली कशी राहणार? लहान गडद बाटल्या घ्या, गळ्यापर्यंत भरलेल्या ठेवा, उघडल्याची तारीख चिकटवा, फ्रीजमध्ये ठेवा. संत्र्याचा गोड वास जाऊन टर्पेंटाइनसारखा उग्र यायला लागला की पैशांकडे न पाहता टाकून द्या. टी ट्री तेलही जुनं झालं की जास्त त्रास देतं.

गवती चहाच्या तेलात सिट्रल असतं, आपल्या तिखाडीच्या, म्हणजे रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल. दोन्ही उतू शकतात. आम्ही तिखाडी वापरतो, किलोला आठ ग्रॅम.

साध्या अत्तराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण वास टिकत नाही म्हटलं की दुकानदार पुढची बाटली तीच काढतो. अगरबत्तीसाठीचं सुटं सेंट साबणात टाकू नका. ते जाळायला केलेलं असतं, कातडीसाठी त्याचा विचार झालेला नसतो. चंदनाचं तेल फार स्वस्तात मिळत असेल तर त्यात चंदन नाही असंच समजा. मात्र कृत्रिम सुगंध सगळा वाईट, असंही मी मानत नाही. 'इफ्रा' ही सुगंध बनवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७३ पासून आहे, ती कुठल्या वस्तूत कुठला सुगंधी घटक किती चालेल याच्या मर्यादा ठरवते. चांगला पुरवठादार प्रत्येक सुगंधाचं इफ्रा प्रमाणपत्र देतो. त्यात नववा वर्ग पाहायचा, तो अंगाला लावून धुऊन टाकायच्या वस्तूंचा, साबण त्यातच येतो. तिथला आकडा म्हणजे तयार साबणातली कमाल मर्यादा. तेवढं टाकलंच पाहिजे असं नाही. असं प्रमाणपत्र असलेला कृत्रिम मोगरा मला बिननावाच्या 'शुद्ध नैसर्गिक' बाटलीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. प्रमाणपत्र मागितल्यावर जो दुकानदार वैतागतो, त्याच्याकडून घेऊ नका.

बरेच जण म्हणतात, कॉस्टिकमध्ये सगळं मरून जातं. काही घटक मोडतात हे खरं, म्हणूनच काही वास उडतात. युजेनॉल मात्र साबणात टिकून राहतं.

नवीन साबण गटाबाहेर देण्याआधी आम्ही तो स्वतःवर पाहतो. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी फेस चोळायचा, मिनिटभर ठेवायचा, धुवायचा. सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. साबणाचा तुकडा पट्टीखाली बांधून ठेवू नका, साबण मुळातच अल्कधर्मी असल्यानं नुसत्या त्यानंच कातडी लाल होईल आणि काही कळणार नाही. सुगंधी तेल तसंच कातडीवर लावून पाहणं तर अजिबात नको, त्यानंच उतायला सुरुवात होऊ शकते. चौदा दिवस काही झालं नाही म्हणजे जगात कुणालाच होणार नाही असं नाही, पण मोठी चूक तरी पकडली जाते.

तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी, इसब असलेल्यांसाठी आणि ज्यांना गाजर गवतानं अंग उठतं त्यांच्यासाठी आम्ही बिनवासाचाच साबण देतो. गाजर गवताचा त्रास असलेल्या माणसाला त्याच कुळातल्या झेंडू, शेवंती, कॅमोमाइलचाही होऊ शकतो. म्हणून झेंडूच्या पाकळ्यांचा साबण त्यांना देऊ नका, दिसायला कितीही सुंदर असला तरी.

विकायचा विचार असेल तर साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तो घ्यायचा तेव्हा घ्या, पण वडीच्या कागदावर आत काय काय आहे ते आजपासून लिहा. जाऊबाईंच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

राहिला उडणारा वास. संत्र्याचं तेल हलकं, ते एकटं टिकणारच नाही, कितीही ओता. त्याला वाळ्याच्या तेलाची थोडी जोड द्या. पंधरा ग्रॅममध्ये तीन ग्रॅम वाळा, बाकी संत्रा, आणि लवंग-दालचिनी दोन्ही नको. उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतो तो मातीचा गार वास, तो साबणात सहा-सहा महिने राहतो. तेल महाग वाटलं तर आम्ही दुसरं एक करतो. बिनवासाच्या वड्या वाळल्या की टिनाच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवतो आणि मधल्या फटींत वाळ्याची मुळं खोचतो. महिन्यानं डबा उघडला की वास येतो, फार नाही, पण टॉवेलपर्यंत पुरतो. तुमच्या काकूंचं अंग शांत झाल्यावर त्यांना मात्र हाही देऊ नका, निव्वळ बिनवासाचा द्या.