घरात पेरलेली मिरचीची रोपं खिडकीकडे का वाकतात? चोवीस तास दिवा लावूनही दोऱ्यासारखी का वाढतात?

तुमचा दिवा वाईट नाही, तो फार उंचावर आहे. पणजीतल्या फ्लॅटमध्ये जूनात खोल्याच्या (काणकोणजवळच्या खोला गावच्या) मिरचीचं बी ट्रेमध्ये पेरलंत, छताचा २० वॅटचा एलईडी पट्टा दिवसरात्र चालू ठेवलात, तरी रोपं लांबडी होऊन खिडकीकडे आडवी झाली, असं तुम्ही लिहिलंय. फोंड्याला पहिल्या वर्षी मीही अगदी हेच केलं होतं. आईने ट्रे बघून विचारलं, "ही मिरची की वेल?"

आपले डोळे इथे फसवतात. भर दुपारच्या उन्हात १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास प्रकाश असतो. पावसाळ्यात खिडकीपासून दोन मीटर आत माझ्या फोनवरचं ॲप काही शे लक्सच दाखवतं. पेपर वाचता येतो म्हणून आपल्याला उजेड पुरेसा वाटतो. काणकोणला हीच मिरची डोंगर-उतारावर उघड्यावर वाढते, तिला आपला हॉल म्हणजे तळघरच.

वाकणं हा मात्र दुबळेपणा नाही. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबाच्या शेंड्यावर उजेड न शिरणारी टोपी चढवली, तर तो वाकेना. खालचा भाग झाकून शेंडा उघडा ठेवला, तर वाकला. १८८० साली त्यांनी हे छापलं. म्हणजे बघतो शेंडा आणि वळतो त्याच्या खालचा भाग. निळा प्रकाश टिपणारी फोटोट्रॉपिन नावाची प्रथिनं उजेडाची बाजू ओळखतात, मग ऑक्झिन हे संप्रेरक अंधाऱ्या बाजूला जास्त साठतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो.

दुसरी गोष्ट दाटीची. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, पण त्यापलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतिलाल बराचसा सोडून देतं. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य ६६० आणि ७३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या या दोन प्रकाशांचं प्रमाण जोखतं. अतिलाल वाढला की रोप समजतं, शेजारी आला, आणि सावली पडायच्या आधीच उंच व्हायला धावतं. खिडकीच्या उजेडात चिमूटभर बी एकाच जागी टाकलं की ही शर्यत ठरलेलीच.

चोवीस तास दिवा मात्र बंद करा. टोमॅटोची पानं सततच्या उजेडात पिवळी पडतात, मिरचीवर तरी हा प्रयोग कशाला? अंधार झाडाला मोजावा लागतो. माझी शेवंती सोसायटीच्या पॅसेजमध्ये होती, तिथली ट्यूब रात्रभर जळायची. वर्षभर झाड हिरवंगार, पण कळी एक नाही. तिला फुलायला अखंड लांब रात्र लागते. कुंडी मागच्या अंधाऱ्या बाल्कनीत नेली आणि दिवाळीनंतर कळ्या धरल्या. (ट्यूब बंद करा म्हणून किती वेळा सांगितलं, ते सोडा.)

आता करायचं काय, तर तोच पट्टा दोरीने खाली आणून शेंड्यांपासून १५ ते २० सेंटीमीटरवर टांगा आणि रोपं वाढतील तसा वर घ्या. रोज १४ ते १६ तास पुरे, स्वस्तातला टायमर लावलात की विसरायला होत नाही. जांभळे दिवे विकत घेऊ नका. पांढऱ्या एलईडीत निळा आणि लाल दोन्ही असतात, शिवाय त्या जांभळ्या उजेडात पानावरची कीड दिसतसुद्धा नाही. रोपं विरळ करा. दिवसातून दोनदा शेंड्यांवरून हळूच हात फिरवा, वारा लागल्यासारखं होऊन देठ जाड होतात.

आधीच लांबलेली रोपं आखूड होणार नाहीत. कुंडीत हलवताना थोडी खोल लावा. आणि ऊन पडलं म्हणून एकदम बाल्कनीत ठेवू नका, पानं पांढरी पडून करपतात. आधी दोन-तीन दिवस सकाळचा तासभरच.