एचएस-सीआरपी ४.६ आला, ईसीजी नॉर्मल आहे. हृदयविकार आतल्या आत लपलेला असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात. ऑगस्टमध्ये ऑफिसतर्फे फुल बॉडी चेकअप झालं. ईसीजी, साखर ठीक, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ११८. फक्त एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह (सूज) दाखवणारी रक्ततपासणी, ४.६ आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’. वडिलांना ५२व्या वर्षी अटॅक आला होता, धाकटा भाऊ ३६ चा आहे. हृदयविकार लपलेला आहे का आणि अँजिओग्राफी करून टाकावी का, असं तुम्ही विचारलंय.

अँजिओग्राफीची घाई करू नका, या एका आकड्यावरून तर मुळीच नको. पण रिपोर्ट फाइलला लावून विसरूही नका. तुमचा प्रश्न वाचताना मी थबकले ती वडिलांच्या ५२ या वयापाशी. ४.६ चा विचार त्यानंतर.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दादरला लॅब चालवते. हल्ली बहुतेक पॅकेजांत ही तपासणी असते आणि रिपोर्ट हातात पडला की लोक घाबरून फोन करतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला: गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सर्दी-खोकला, दाढदुखी, जखम, लस, असं काही झालं होतं का? पावसाळ्यात मुंबईत याचं उत्तर बऱ्याचदा ‘हो’ असतं. ‘साधा व्हायरल होता, दोन दिवसांत बरा झालो,’ असं सांगतात आणि रक्त दिलेलं असतं त्याच आठवड्यात.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ नावाचा संदेश यकृताला पोचतो आणि सीआरपी वाढायला लागतो, मोठ्या जंतुसंसर्गात तर शेकडो पटींनी. कारण संपलं की साधारण दर १९ तासांनी निम्मा होत खाली येतो. दाह हिरड्यांत आहे, गुडघ्यात आहे की हृदयाच्या रक्तवाहिनीत, हे त्या प्रथिनाला सांगता येत नाही. पोटावरची चरबी, तंबाखू, सोरायसिस, संधिवात, गर्भनिरोधक गोळ्या, यांनीही तो वाढतो. जानेवारीतली मॅरेथॉन धावून दुसऱ्या दिवशी रक्त दिलंत तरी वाढलेला दिसेल.

रिपोर्टवर एकक तेवढं बघा. एचएस-सीआरपी बहुधा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर वापरतात. ०.४६ आणि ४.६ हा एकच निकाल असू शकतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट वाढला’ म्हणत रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि तापात डॉक्टर जो साधा सीआरपी करायला सांगतात, त्यात मोजलं जातं ते हेच प्रथिन, पण ती पद्धत खालचे बारीक आकडे नीट पकडत नाही. हृदयाच्या जोखमीसाठी ‘एचएस’ म्हणजे अतिसंवेदनशील पद्धतच लागते.

लिटरच्या हिशेबात १ च्या खाली जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी विभागणी २००३ पासून वापरात आहे. १० च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधायचा. एकाच चाचणीवर विसंबायचं नाही: तब्येत ठणठणीत असताना, निदान दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करायची. तुमचा ४.६ अजून एकच आकडा आहे.

आता लपलेल्या आजाराबद्दल. एमडी करताना शवविच्छेदनातली हृदयं आम्ही तपासायचो. कोरोनरी म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी उभी न चिरता आडवी, काही-काही मिलिमीटरवर कापत जायचं. कुठे सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते, कुठे कॅल्शियमवर करकरते. मृत्यू भलत्याच कारणाने झालेला, पण चाळिशी न ओलांडलेल्या माणसाच्या धमनीच्या भिंतीत पिवळट थर बसलेला दिसायचा. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासून १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल हेच सांगतो: सरासरी वय २२, आणि ७७ टक्के जणांच्या कोरोनरीत आजाराच्या खुणा. म्हणजे सुरुवात फार लवकर होते आणि वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही.

भिंतीत होतं ते असं. एलडीएल आत शिरतं, तिथे त्याचं रूप बदलतं, ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि चरबीने टम्म फुगून तिथेच अडकतात. वर एक तंतुमय पापुद्रा तयार होतो. दाह पेटता राहिला तर तो पापुद्रा पातळ होतो, एखाद दिवशी फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि अटॅक येतो. फाटणारा थर धमनी अर्धीही अडवत नसेल! ट्रेडमिलवर दिसतात ते रक्तप्रवाह कमी करणारे मोठे अडथळे, विश्रांतीत काढलेल्या ईसीजीवर तर तेही दिसतीलच असं नाही. म्हणून ‘ईसीजी नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, आणि महिन्याभरात अटॅक’ अशा बातम्या आपल्या कानावर येतात. त्यात दरवेळी डॉक्टर चुकलेले असतात असं नव्हे.

मग सीआरपीचा उपयोग काय? जोखीम मोजायला होतो. ‘ज्युपिटर’ नावाची औषधाची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एलडीएल १३० च्या आत पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त, अशा १७,८०२ लोकांना रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी किंवा खोटी गोळी दिली. खरी गोळी घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात वगैरे घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. पण त्यातले पुरुष ५० च्या पुढचे आणि स्त्रिया ६० च्या पुढच्या होत्या, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लावता येणार नाही. शिवाय त्या गोळीने एलडीएलही निम्म्यावर आलं होतं. दाह एकटा कमी केला तर काय होतं, हे २०१७ च्या ‘कॅन्टोस’ या औषधचाचणीत दिसलं: अटॅक येऊन गेलेल्यांना कॅनाकिनुमॅब हे दाह कमी करणारं औषध दिलं, कोलेस्टेरॉलला हातही न लावता पुढच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे दाहाचा हात आहे, हे पक्कं. सीआरपी स्वतः गुन्हेगार आहे असं मात्र नाही. जन्मतःच जनुकांमुळे ज्यांचा सीआरपी जास्त असतो, त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होत नाही. म्हणून सीआरपी ‘उतरवायला’ हळदीच्या कॅप्सूल विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, ही माझी कळकळीची विनंती.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. तब्येत बरी असताना त्याच लॅबमध्ये एचएस-सीआरपी पुन्हा. त्याच रक्तातून लिपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, हे सर्वांत महत्त्वाचं. ते बहुतांशी जनुकांवर ठरतं, आयुष्यात एकदा मोजलं तरी सहसा पुरतं, आणि तरुण वयात अटॅक येणाऱ्या घराण्यांत ते वाढलेलं सापडतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा त्याहून जास्त आलं तर जोखीम वाढते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते येत नाही, मागून घ्यावं लागतं. सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), घरी आठवडाभर मोजलेलं बीपी आणि कमरेचा घेर. दाताच्या डॉक्टरांकडे हिरड्या दाखवा. ब्रश करताना रक्त येत असेल तर नक्कीच. सिगारेट, तंबाखू, मिसरी काहीही असेल तर आजपासून बंद, त्याला दुसरा पर्याय नाही.

हे सगळं घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत अटॅक येणं ही वैद्यकात मान्य असलेली जोखीम आहे, आणि आपलं दक्षिण आशियाई असणंही अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जोखीम वाढवणारं म्हणून नोंदलेलं आहे. एचएस-सीआरपी २ च्या वर टिकून राहिला तर तोही त्याच यादीत बसतो. तेव्हा रिपोर्टवर ११८ ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी तुमच्यासाठी ते पुरेसं कमी आहे का, हे त्यांना स्पष्ट विचारा. लपलेलं बघायचंच असेल तर कॅल्शियम स्कोअर म्हणजे कोरोनरीत साठलेलं कॅल्शियम मोजणारा साधा सीटी स्कॅन आहे. त्यात इंजेक्शन नाही, नळी घालणं नाही. चाळिशीत स्कोअर शून्य आला तर चांगलंच, पण त्या वयात थर मऊ, कॅल्शियम न धरलेला असू शकतो, म्हणून शून्य म्हणजे मोकळीक समजू नका. शून्याहून जास्त आला तर आजार सुरू झालाय हे कळतं आणि औषधाचा निर्णय सोपा होतो.

एक गोष्ट मात्र यातल्या कशाचीही वाट न बघता. स्टेशनचा पूल चढताना छातीवर दाब येतो, जबडा किंवा हात भरून येतो, दरदरून घाम फुटतो, असं काही झालं तर लॅबमध्ये येऊ नका. थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची तपासणी, करतील. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागू शकतात, म्हणून पहिलं नॉर्मल आलं तरी दुसरं होईपर्यंत घरी निघू नका. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून लोकल पकडून डोंबिवलीला यायचं नाही.

आणि लिपोप्रोटीन (ए) जास्त आलं तर भावालाही लगेच तपासायला सांगा. त्याचं ३६ हे वय त्यासाठी लवकर नाही.