भुंगेऱ्याच्या वयाचा परिणाम मोजायचाय? आधी दाणे वेगळे कर

मादीचं मिलन उशिरा झालं तर तिच्या अंड्यांवर आणि आयुष्यावर काय परिणाम होतो, या प्रयोगाला चवळीवरचा भुंगेरा (दाण्याच्या आत वाढणारा किडा) घेतलास, बरं केलंस. प्रौढाला खायला घालावं लागत नाही आणि 30 अंशांला महिन्याभरात पिढी हाती येते. फक्त बरणीतले भुंगेरे उचलून नर-मादी निवडत बसू नकोस. बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात त्यांचं जुळलेलं असतं. माझा पहिला महिना असाच पाण्यात गेला; 'कोऱ्या', म्हणजे अजून न जुळलेल्या, म्हणून ठेवलेल्या माद्यांची अंडी सरळ उबली!

दाण्यावर गोल काळसर खिडकी दिसली, म्हणजे आतला भुंगेरा बाहेर यायच्या बेतात आहे, की तो दाणा एकट्यानं छोट्या नळीत टाक. मग माद्या 1, 3, 5, 7 दिवसांच्या झाल्या की नर सोड, पण नर सगळे एकाच वयाचे. दोघांचंही वय बदललंस, तर दोष कुणाचा ते कळणार नाही. मादी अंडी दाण्यावरच चिकटवते, म्हणून दाणेही सगळ्यांना सारखेच मोजून दे; कमी पडले तर मादी अंडी रोखून धरते.

नुसती अंडी मोजू नकोस. भिंगाखाली बघ: उबलेलं अंडं पांढरं होतं, कारण अळी दाणा पोखरताना भुसा मागे कवचात भरते. न उबलेलं पारदर्शक राहतं.

उशिरा जुळलेली मादी सहसा कमी अंडी घालते, पण जास्त जगते. पण उशिरा जुळल्यानंच आयुष्य वाढलं, असं म्हणायची घाई नको. अंडी घालण्यात अंगातला साठा खर्च होतो, आणि तिचे आधीचे दिवस त्या खर्चाविनाच गेलेले असतात. म्हणून आयुष्य दाण्यातून बाहेर पडल्यापासून आणि मिलनापासून, असं दोन रकान्यांत लिही.